वारा वळवणारी काच : मोटरसायकलला परवडणारं विंडशील्ड निवडताना

पुणे-सातारा-कोल्हापूर रस्त्यावर मोटरसायकलने नेमाने जा-ये करणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. छातीवर वारा बसतो, मान आखडते, घरी पोचेपर्यंत खांदे भरून येतात. म्हणून हजार-दीड हजार रुपये खर्चून हँडलवर विंडशील्ड बसवून घेतलं. छातीवरचा वारा गेला, पण हेल्मेट गदगदा हलायला लागलं. आधी नुसता सूं-सूं आवाज यायचा, आता कानाशी धडधड सुरू झाली. मग वाटतं, काच लहान पडली. आणखी मोठी काच येते. कुणाचं त्यानं बरं होतं, कुणाचं आणखी बिघडतं. आणि गंमत अशी, की वैतागून काढून टाकलेली तीच काच त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या गाडीवर मित्राला मात्र झकास लागू पडते.

काच तीच, गाडी तीच, वेगही तोच. बदलला तो फक्त माणूस. कोडं सुटायचं तर आधी वारा त्या काचेशी काय करतो ते पाहावं लागेल. ते एकदा कळलं, की दुकानात कशाला पैसे द्यायचे आणि कशाला नाही हेही कळतं.

वाऱ्याचा भार किती?

गाडी स्थिर हवेत चालत असली तरी अंगाला वारा लागतो, कारण आपण हवेत घुसत असतो. या वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला अंगासमोरच्या एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलो वजनाइतका दाब पडतो. ८० ला तो ३० किलो होतो आणि १०० ला ४७ किलोच्या आसपास जातो.

बुलेटवर किंवा स्प्लेंडरवर ताठ बसलेल्या माणसाचं छाती, खांदे आणि डोकं मिळून जवळपास अर्धा चौरस मीटर अंग वाऱ्यासमोर असतं. म्हणजे ८० च्या वेगाला पंधराएक किलोचा जोर त्याला सतत मागे ढकलत असतो आणि तो हातांनी हँडल धरून स्वतःला पुढे खेचत राहतो. साताऱ्यापर्यंत हे दीड-दोन तास चालतं. खांदे भरून येतात ते यामुळे. शहरात ४० च्या आत गाडी चालवणाऱ्याला हा जोर जाणवत नाही. त्याला विंडशील्डची गरज जवळजवळ नसतेच.

समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर काट्यावर ८० दिसत असले तरी अंगाला १०० चा वारा लागतो. एखाद्या दिवशी तीच गाडी, तोच रस्ता विनाकारण जड वाटतो, त्याचं बरेचदा एवढंच कारण असतं.

काचेच्या मागे काय घडतं?

काच वारा थांबवते असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती तो फक्त वळवते. समोरून आलेली हवा काचेवरून वर सरकते आणि वरच्या कडेवरून सुटून मागे जाते. कडेच्या वरून वेगानं जाणारा प्रवाह आणि काचेमागची जवळपास स्थिर हवा यांच्या सीमेवर हवेच्या गुंडाळ्या होतात.

पावसाळ्यात कृष्णेला पूर आलेला असताना पुलावर उभं राहून खाली पाहिलं, तर हेच पाण्यात दिसतं. पुलाच्या खांबाला आपटून पाणी दोन्ही बाजूंनी सुसाट पुढे जातं. खांबाच्या अगदी मागे पाणी संथ, कधी तर उलटं फिरणारं असतं. पण या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात एकामागून एक भोवरे सुटत असतात. तिथे लाकडाचा ओंडका आला की तो एका जागी राहत नाही, गरागरा फिरतो, आपटतो. खांबामागच्या संथ पाण्यात ओंडका शांत राहतो, मोकळ्या प्रवाहात तो सरळ वाहून जातो. मधल्या पट्ट्यात मात्र त्याची दैना होते.

हेल्मेट म्हणजे तो ओंडका. काच नसते तेव्हा ते मोकळ्या प्रवाहात असतं: वाऱ्याचा जोर असतो, पण तो एकसारखा असतो. काच पुरेशी उंच असेल तर ते संथ हवेत असतं. आणि काचेची कड अशा उंचीला आली, की सुटणारे भोवरे नेमके हनुवटी ते डोळे या पट्ट्यात आदळतात, तर हेल्मेट गदगदतं. वर दिलेल्या तक्रारीतली काच मोठी किंवा लहान नव्हती, ती चुकीच्या उंचीला होती. मित्र चार बोटं बुटका किंवा उंच, म्हणून त्याचं डोकं भोवऱ्यांच्या पट्ट्याबाहेर राहिलं.

आणखी एक बारीक गोष्ट. काचेमागे हवेचा दाब कमी होतो. हा कमी दाब आजूबाजूची हवा आत ओढतो, तीही भोवरे घेऊन येते आणि पाठीमागूनही मानेला, जॅकेटच्या कॉलरला झटके बसतात. म्हणून चांगल्या विंडशील्डच्या खालच्या भागात किंवा मध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. त्या फटीतून थोडी हवा आत येते, मागचा दाब भरून निघतो आणि वरचा प्रवाह शांत होतो. ही फट पाहून ‘इथून वारा येईल की’ म्हणणारी गिऱ्हाइकं खूप भेटतात. तो यायलाच हवा असतो.

दोनच चांगल्या जागा

यावरून निवडीचा खरा प्रश्न समोर येतो. कडेवरून सुटणारा प्रवाह दोन ठिकाणी चालतो: एक तर हेल्मेटच्या वरून जावा, नाहीतर गळ्याच्या खाली, छातीच्या वरच्या भागावर यावा. मधे नको.

पहिल्या पर्यायाला उंच काच लागते. तिची वरची कड कुठवर असावी, याला एक पक्की मर्यादा आहे: रस्ता काचेतून पाहायचा नाही, काचेवरून पाहायचा. कोकणातल्या पावसात ही मर्यादा जीव वाचवते. मोटरसायकलच्या काचेला वायपर नसतो. रात्री समोरून ट्रकचा झोत आला, की ओल्या किंवा चरे पडलेल्या काचेत तो फाकतो आणि रस्ता दिसेनासा होतो.

ही उंची ठरवायला दुकानात जायची गरज नाही. गाडी स्टँडवर उभी करा, हेल्मेट घाला आणि नेहमी बसता तसेच बसा. मुद्दाम ताठ नको. दुसऱ्या कुणाला तरी हेडलाइटच्या वर खोक्याचा पुठ्ठा, काच जितकी तिरकी असेल तितकाच तिरका धरायला सांगा. आता पुढे पंधरा-वीस मीटरवरचा रस्ता पाहा आणि पुठ्ठा हळूहळू वर घ्यायला सांगा. तो रस्त्याला आडवा यायला लागला की थांबवा, तिथून तीन-चार सेंटिमीटर खाली घ्या आणि पेन्सिलीनं खूण करा. बहुतेकांची खूण नाकापासून ओठांच्या उंचीपर्यंत कुठेतरी येते. तिरक्या काचेवरून सुटलेली हवा पुढे जाताना आणखी वर चढते, त्यामुळे नाकाशी असलेली कड हेल्मेटचा बराच भाग झाकते. हेडलाइटच्या वरच्या कडेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. काच विकत घ्यायची ती या मापाची. मॉडेलचं नाव दुय्यम.

दुसऱ्या पर्यायाला हेडलाइटवर बसणारी वीत-दीड वीत उंचीची छोटी काच पुरते. ती छातीवरचा बराचसा जोर काढून घेते आणि हेल्मेट मोकळ्या, एकसारख्या वाऱ्यात सोडते. आवाज राहतो, पण डोकं हलत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: महाराष्ट्रात मोटरसायकल चालवणाऱ्या बहुतेकांना छोटी किंवा मध्यम काच पुरेशी आहे. चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला ताशी ८० ची मर्यादा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर तर दुचाकींना प्रवेशच नाही. १३०-१४० च्या वेगानं दिवसभर चालणाऱ्या परदेशी स्वारासाठी केलेली भलीमोठी काच इथे पैशाचा आणि वजनाचा भुर्दंड ठरते. वर एप्रिल-मेमध्ये विदर्भात, मराठवाड्यात अंगाला लागणारा वारा हाच काय तो दिलासा असतो. तोही उंच काच हिरावून घेते.

चौकट : दुकानात जाण्याआधी

हेडलाइटपासून पुठ्ठ्यावरच्या खुणेपर्यंतची उंची लिहून न्या. हँडलच्या नळीची जाडी मोजून घ्या; बऱ्याच गाड्यांची ती २२ मिलिमीटर असते, पण काही नव्या गाड्यांची हँडलं मधे जाड आणि टोकाला बारीक असतात. क्लॅम्प बसायला हँडलवर सरळ, मोकळी जागा किती आहे ते पाहा. आणि हेल्मेट सैल नाही ना, हे तपासा. आतली गादी दबलेलं हेल्मेट कुठल्याही काचेमागे हलणारच, आणि त्याचा दोष काचेवर येतो. डोळ्यांवर पुढे छपरी असलेलं हेल्मेट असेल तर वारा त्या छपरीलाच धरतो.

पैसे कशाला द्यायचे?

पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोलबागेत फिरलं तर किमतींचा पसारा कळतो. कुठल्याही गाडीला बसते म्हणून विकली जाणारी साधी काच पाचशेपासून पंधराशे रुपयांपर्यंत मिळते. एखाद्या विशिष्ट गाडीसाठी केलेली देशी काच दीड ते चार हजारांत येते. इटलीच्या गिवी किंवा स्पेनच्या पुइग अशा कंपन्यांच्या काचा त्याहून कितीतरी महाग पडतात.

महाग काचेत तीन गोष्टी खरोखर चांगल्या असतात: प्लास्टिक स्वच्छ असतं, कडा गोलसर घासलेल्या असतात आणि ब्रॅकेट मजबूत असतात. पण तिची उंची तुमच्या डोक्याला जुळेल याची हमी किंमत देत नाही. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर-१०० आरएस ही मोटरसायकल आणली, तेव्हा तिचं पुढचं आवरण इटलीत पिनिनफरिनाच्या पवनबोगद्यात, म्हणजे मोठ्या पंख्यांनी वारा सोडून चाचणी घेण्याच्या जागेत, तपासून घडवलं होतं. तरीही पुढे अनेक कंपन्यांनी आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना बटण दाबून वरखाली होणारी काच दिली. वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना एकच काच जुळत नाही, याची याहून स्पष्ट कबुली ती काय असणार!

म्हणून बजेट मर्यादित असेल तर मी चकाकीपेक्षा वरखाली आणि पुढेमागे सरकण्याची सोय पाहीन. ब्रॅकेटमध्ये गोल भोकाऐवजी लांबट खाच असेल तर काच दोन-चार सेंटिमीटर हलवता येते आणि बहुधा तेवढ्यातच काम होतं. काच जास्त उभी केली की प्रवाह वर फेकला जातो, पण भोवरे वाढतात. जास्त तिरकी केली की प्रवाह गुळगुळीत होतो, पण खालून जातो.

काच आधीच घेतली असेल आणि थोडक्यात कमी पडत असेल, तर ती फेकू नका. वरच्या कडेला चिमट्यांनी अडकवायची छोटी पट्टी काहीशे रुपयांत मिळते. पट्टी आणि काच यांच्यात बोटभर फट राहील अशी ती बसवली तर फटीतून निघणारी हवा भोवरे मोडते आणि प्रवाह वर उचलला जातो. इतक्या कमी पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू या सगळ्या बाजारात मला दिसलेली नाही.

‘फायबर’ म्हणजे नेमकं काय?

आपण काच म्हणतो, पण ते असतं प्लास्टिक. दुकानदार त्याला सरसकट फायबर म्हणतो. त्यात मुख्यतः दोन जाती आहेत: ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट. दोन्हींचं वजन जवळपास सारखं. ४० बाय ४५ सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची काच साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरते.

ॲक्रिलिक कडक असतं. त्यावर चरे लवकर पडत नाहीत आणि उन्हात ते सहसा पिवळं पडत नाही. पण ते ठिसूळ. गाडी आडवी पडली किंवा ट्रकच्या चाकातून खडा उडाला तर त्याचा तुकडा निघतो. पॉलिकार्बोनेट त्याच्या उलट: वाकेल पण सहजी फुटणार नाही, मात्र मऊ असल्यानं धुळीच्या फडक्यानंही चरा पडतो. वर संरक्षक लेप नसेल तर उन्हानं पिवळट, धुरकट होतं. म्हणजे पॉलिकार्बोनेट घ्यायचं तर लेप आहे का हे विचारूनच घ्यावं. छोट्या काचेला ॲक्रिलिक चालतं. खडीच्या, कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्यानं लेप असलेलं पॉलिकार्बोनेट घ्यावं.

नुसतं बघून दोन्हींतला फरक ओळखणं कठीण आहे, पण दर्जा ओळखता येतो. काच डोळ्यांसमोर धरून दुकानातल्या फरशीच्या जोडरेघा पाहा आणि काच सावकाश वरखाली करा. रेघा लाटा मारत असतील तर ती साच्यात नीट बसलेली नाही. तासभरात डोळे दुखतील. कडेवरून बोट फिरवा, करवतीचे दाते लागायला नकोत. दोन मिलिमीटरहून पातळ काच ८० च्या वेगाला फडफडते. काळी काच रुबाबदार दिसते, पण कड नजरेच्या बरीच खाली असेल तरच ती घ्यावी.

बोल्टाभोवतीची जागा

विंडशील्ड फुटतं ते बहुतेक वेळा भोकापासून. जुनी काच काढून उन्हात धरा. बोल्टाच्या भोकाभोवती केसाएवढ्या बारीक, चंदेरी रेघा दिसतील, भोकातून बाहेर पसरलेल्या. तिथे प्लास्टिक ताणाखाली आहे. त्यातली एखादी रेघ एक दिवस लांबत जाऊन कडेला मिळते.

हा ताण येतो कुठून? पहिलं कारण पाना. धातूचा बोल्ट थेट प्लास्टिकवर आवळला की प्लास्टिक चेपतं. दुसरं कारण ऊन. प्लास्टिक पोलादाच्या पाच-सहा पट प्रसरण पावतं. रात्रीच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ४० अंशांचा फरक पडला तर ४० सेंटिमीटरची काच मिलिमीटरभर वाढते आणि तिला धरणारा लोखंडी ब्रॅकेट जेमतेम दोन दशांश मिलिमीटर. भोक बोल्टाला घट्ट असेल तर हा फरक भोकाच्या कडेवरच निघतो. म्हणून भोक बोल्टाहून थोडं मोठं हवं, त्यात रबरी बुश हवा आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचा वायसर. बोल्ट हातानं टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्यानं अगदी थोडा. काच बोटानं दाबल्यावर रबरावर किंचित हलली पाहिजे.

बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांवर लावायचा लाल-निळा द्रव इथे वापरू नये. पॉलिकार्बोनेटला तो अक्षरशः खातो, चार दिवसांत भोकाभोवती जाळं पडतं. नायलॉनची कडी असलेला नट लावला की त्या द्रवाची गरजच उरत नाही.

क्लॅम्प मात्र घट्टच हवेत. ८० च्या वेगाला वर सांगितलेल्या मापाच्या काचेवर पाचेक किलोचा जोर येतो, तोही दांड्याच्या टोकावर. क्लॅम्प सैल असेल तर काच हळूहळू मागे कलते. नळी आणि क्लॅम्प यांच्यात पातळ रबरी पट्टी घातली की पकड बसते. बसवून झाल्यावर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून पाहा. ब्रॅकेट टाकीला लागतो का, क्लचची केबल अडकते का, ब्रेकचा पाइप ताणला जातो का? यातलं एकही चालवून घेऊ नका. हेडलाइटचा झोत, इंडिकेटर आणि पुढची नंबरप्लेट झाकली जायला नको.

आडवा वारा

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. अशा ठिकाणी, खाडीवरच्या पुलांवर किंवा लांबलचक ट्रक ओलांडताना वारा बाजूनं येतो आणि हँडलवर बसवलेली काच तो सगळा पकडते. काच हँडलला जोडलेली असल्यानं तो जोर थेट सुकाणूवर जातो. गाडी रस्ता सोडू पाहते. चेसिसला जोडलेल्या काचेत हा जोर हँडलवर येत नाही, म्हणून जागा असेल तर ती पद्धत उजवी. हँडलवरच बसवायची तर काच लहान ठेवावी. नवी काच लावल्यावर पहिल्यांदा ६० च्या आत चालवून पाहा, मग हळूहळू वेग वाढवा. हँडल डावी-उजवीकडे थरथरायला लागलं तर वेग उतरवा आणि ती काच काढा. त्या गाडीला ती मानवत नाही.

याच पहिल्या फेरीत, रिकाम्या सरळ रस्त्यावर एकसारखा वेग धरून किंचित ताठ व्हा, नंतर किंचित वाका. ताठ झाल्यावर आवाज कमी झाला तर काच खाली हवी, वाकल्यावर कमी झाला तर वर. ब्रॅकेटच्या खाचेत तेवढी सरकवा.

पुसणं आणि काढून ठेवणं

धुलाई केंद्रात काचेवर कोरडं फडकं फिरू देऊ नका. धुळीतली वाळू काचेवर गोल चरे पाडते आणि रात्री समोरच्या दिव्यात ते सगळे चमकतात. ओलं फडकं दहा मिनिटं काचेवर पसरून ठेवलं की वाळलेले किडे आणि चिखल सुटतो. मग साध्या साबणाच्या पाण्यानं, मऊ सुती कापडानं पुसावं. पेट्रोल, थिनर, ब्रेक ऑइल यांचा थेंबही लागता कामा नये. घरातला अमोनियायुक्त काच-पुसणीचा फवाराही नको.

पाऊस संपल्यावर ते होळीपर्यंत काच ठेवावी आणि कडक उन्हाळ्यात उतरवावी, असं मी सुचवेन. चार बोल्टांचं काम आहे. उतरवलेली काच जुन्या चादरीत गुंडाळून उभी ठेवावी, पत्र्याच्या शेडखाली आडवी टाकली तर तापून वाकते. परत बसवताना रबरी बुश बोटानं दाबून पाहावेत. कडक झाले असतील तर नवे घ्यावेत, काही रुपयांचीच ती वस्तू आहे. आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत, कारण नवं रबर तेवढ्यात दबून बसतं आणि पकड सैल होते.